मुंबईचा हिवाळा पालिकेच्या वेळापत्रकात कसा आला

मुंबई पालिकेचे वर्ष पावसाभोवती फिरते. मार्च-एप्रिलपासून नालेसफाई, मेमध्ये झाडांची छाटणी आणि धोकादायक इमारतींच्या याद्या, जूनपासून पंप आणि खड्डे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून खोदकामाचा मोसम. हिवाळ्याला या दिनदर्शिकेत स्वतःची अशी जागा नव्हती. पावसाआधी कामे उरकून घ्यायचे दिवस, एवढीच त्याची ओळख. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र थंडीची चाहूल लागली की टँकरने रस्ते धुणे, बांधकामांना नोटिसा, कचरा पेटवणाऱ्यांना दंड, पावाच्या भट्ट्यांची मोजणी अशी नवीच कामे विभाग कार्यालयांच्या माथी येतात. त्यातला सर्वांत वादाचा निर्णय डिसेंबर २०२४ मधला, भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली सरसकट बांधकामबंदी.

धुराची तक्रार शहराला नवी नाही. गिरण्यांच्या चिमण्यांसाठी १९१२ सालीच धुराच्या उपद्रवाचा स्वतंत्र कायदा झाला होता. पुढे चेंबूर-माहुलचे कारखाने आले, मग गाड्यांचा धूर. नव्वदीच्या अखेरीस नागरिकांच्या एका मंचाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळायला लावले. या सगळ्या काळात दोषी कोण हे बोट दाखवून सांगता येत होते: गिरणी, रिफायनरी, टॅक्सी. पालिका बहुतेकदा बाजूला उभी असे. शिवाय ‘आपल्याकडे समुद्र आहे, दिल्लीसारखे काही होणार नाही’ हा भरवसा सगळ्यांनाच होता, अधिकाऱ्यांनाही.

त्या भरवशाला पहिला मोठा तडा गेला जानेवारी २०१६ च्या शेवटी. देवनारचा कचराडेपो १९२७ पासूनचा. तिथे लागलेली आग काही दिवस धुमसत राहिली, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. महिन्याभरात, २९ फेब्रुवारीला, उच्च न्यायालयाने शहरात नव्या बांधकामांना परवानग्या देणे थांबवले. पुनर्विकासाला त्यातून वगळले. कारण कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम पाळले जात नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अटी घालून ती बंदी सैल केली. म्हणजे ‘आधी हवा, मग इमारत’ हा विचार २०२४ मध्ये आकाशातून पडलेला नाही. पण २०१६ ची बंदी कागदावरच्या, पुढे उभ्या राहणाऱ्या इमारतींवर होती. चालू कामावरची क्रेन तिने थांबवली नव्हती. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

खरा वळणाचा हिवाळा २०२२-२३ चा. डिसेंबरमध्ये काही दिवस मुंबईचा हवेचा निर्देशांक (आकडा जितका मोठा, हवा तितकी वाईट) दिल्लीच्याही वर गेला. त्याचे हवामानशास्त्र थोडक्यात असे. एरवी दुपारी समुद्रावरून येणारा वारा शहराची धूळ उचलून नेतो. थंडीत सकाळचा वारा जमिनीकडून, ईशान्येकडून येतो, समुद्राचा वारा उशिरा सुटतो आणि दुबळा असतो. रात्री थंड हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते. त्या वर्षी ला निनाचे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याचे, सलग तिसरे वर्ष होते आणि वाऱ्यांचा हा फेर आणखी मंदावला, असे काही अभ्यासकांनी मांडले. पण वारा पडला तरी धूळ कुठून तरी यावी लागते. करोनाच्या दोन वर्षांनंतर पुनर्विकासाच्या इमारती, मेट्रोच्या मार्गिका, किनारी रस्ता हे सगळे एकाच वेळी जोरात होते. त्यात जानेवारी २०२३ मध्ये पालिकेने स्वतःची, सुमारे ६ हजार कोटींची, जवळपास ४०० किलोमीटर रस्ते सिमेंटचे करायची कामे मार्गी लावली. खोदायचा मोसम ऑक्टोबर ते मे, आणि हवा कोंडायचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खोदता येत नाही म्हणून जे काम हिवाळ्यात येते, ते हवेसाठी सर्वांत वाईट दिवसांतच येते. मुंबईच्या हवेच्या प्रश्नाची निम्मी गुंतागुंत या एका वेळापत्रकात आहे, आणि निर्णय घेणाऱ्यांनी तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलावे हे काही योगायोगाने घडलेले नाही.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. पालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. पुढचे चारही हिवाळे प्रशासकाच्या अमलात गेले. हवेसंबंधीचा एकही नियम नगरसेवकांच्या चर्चेतून आलेला नाही. सगळी परिपत्रके, सगळ्या पत्रकार परिषदा.

पहिली योजना मार्च २०२३ मध्ये, म्हणजे हिवाळा सरल्यावर जाहीर झाली आणि पावसात वाहून गेल्यासारखी विस्मरणात गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये धूसर आकाश परतले तेव्हा ती झाडून बाहेर काढली गेली. २५ ऑक्टोबरला २७ कलमी नियमावली निघाली. पुढे ही कलमे २८ झाली. ७० मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर भोवती किमान ३५ फूट उंच पत्रे. एक एकराहून मोठा भूखंड असेल तरी ३५ फूट, लहान असेल तर २५. बांधकामाला हिरवे कापड, पाणी फवारणारी यंत्रे, डंपरवर ताडपत्री, बाहेर पडताना चाके धुणे, सीसीटीव्ही, उघड्यावर कचरा जाळायला मनाई. विभागवार भरारी पथके नेमली. नियमावली वाचताना ती वाईट वाटत नाही. अडचण मोजणीची होती: शहरात हजारो ठिकाणी कामे चालू आणि पथकातले अभियंते तेच, ज्यांच्याकडे बाकीचीही कामे आहेत.

आठवड्याच्या आतच उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ६ नोव्हेंबरला फटाक्यांना संध्याकाळी सात ते दहाची वेळ ठरवून दिली आणि शुक्रवारपर्यंत हवा सुधारली नाही तर बांधकामसाहित्याची वाहतूकच दिवाळीपुरती थांबवू, असे बजावले. गुरुवारी रात्री अवकाळी पाऊस पडला. शुक्रवारी न्यायालयात निर्देशांक सुधारलेला दिसत होता. फटाक्यांची वेळ आठ ते दहावर आली, राडारोड्याच्या वाहतुकीवरची बंदी दिवाळीपुरती राहिली, साहित्याच्या गाड्यांना झाकून नेण्याच्या अटीवर मोकळीक मिळाली. बंदीचा प्रश्न त्या वर्षी पावसाने सोडवला, निदान पुढे ढकलला.

मग रस्ते धुणे सुरू झाले. मुख्यमंत्र्यांनी पहाटे पाहणी केली, टँकरची संख्या वाढवायची घोषणा झाली, सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतले पाणी वापरायचे ठरले. कृत्रिम पावसाचीही भाषा झाली. डिसेंबरपासून दर शनिवार-रविवारच्या ‘संपूर्ण स्वच्छता’ मोहिमा आल्या. रस्त्यावरची धूळ हा पीएम १० चा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचा, मोठा स्रोत आहे, त्यामुळे हे अगदीच निरर्थक नव्हे. पण धुतलेली माती कडेला बसते, वाळते आणि पहिल्या बसच्या चाकाबरोबर पुन्हा उडते. आणि ज्या गल्लीत आज रस्ता धुतला तिथेच उद्या सिमेंटच्या रस्त्यासाठी खोदाई सुरू होते. फुफ्फुसांत खोल जाणाऱ्या त्याहून बारीक कणांना, पीएम २.५ ला, तर टँकरचा फारसा धाक नसतो. छायाचित्रांत मात्र टँकर चांगला दिसतो.

आता ३० डिसेंबर २०२४. त्या दिवशी पालिका आणि प्रदूषण नियंत्रणाच्या राज्य यंत्रणेने एकत्र पत्रकार परिषद घेतली. भायखळा आणि बोरिवली पूर्व या दोन भागांतली सगळी बांधकामे, खासगी आणि सरकारी, चोवीस तासांत थांबवायची. वरळी आणि नेव्ही नगरवर नजर ठेवायची. निर्देशांक सतत २०० च्या वर राहील तिथे हाच न्याय. नव्या खोदकामाच्या परवानग्याही थांबल्या. न ऐकणाऱ्यांवर नगररचना कायद्याखाली गुन्हे दाखल करायचा इशारा होता. नियम मोडणारे एकेक काम बंद करण्याऐवजी नियम पाळणारे कामही केवळ त्या भागात आहे म्हणून बंद, असे शहरात पहिल्यांदाच घडले.

वादाचे पहिले कारण नावातच होते. हे उपाय ‘ग्रॅप-४’ म्हणून सांगितले गेले. ग्रॅप (ग्रेडेड रिस्पॉन्स ॲक्शन प्लॅन) ही मूळ दिल्ली आणि परिसरासाठी जानेवारी २०१७ मध्ये अधिसूचित झालेली टप्प्याटप्प्याची योजना. तिथे निर्देशांक २०१ झाला की पहिला टप्पा, ३०१ ला दुसरा, ४०१ ला तिसरा आणि ४५० ओलांडल्यावर चौथा. तिच्यामागे एक वेगळा आयोग आहे आणि २०२१ चा कायदा आहे. मुंबईत त्या कायद्याचा अंमल नाही. इथे २०० ला जे झाले त्याला दिल्लीच्या पायऱ्यांनी पाहिले तर पहिला टप्पा म्हणावा लागेल, आणि दिल्लीच्या पहिल्या टप्प्यात बांधकामे बंद होत नाहीत. परिणाम असा झाला की दिल्लीच्या बातम्या वाचणाऱ्यांना वाटले, शहर ४५० वर गेले. आणि बांधकाम व्यावसायिकांना विचारता आले की पहिल्या तीन पायऱ्या कुठे गेल्या. मुंबईच्या दमट हवेसाठी कमी मर्यादा ठेवणे योग्य असेलही, माझ्या मते आहेच. २०० म्हणजे ‘मध्यम’ संपून ‘वाईट’ सुरू व्हायची रेषा आहे आणि ४५० ची वाट पाहण्यात कसला शहाणपणा? पण मग ती मर्यादा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अधिसूचनेने जाहीर करायला हवी होती. उसना शब्द घेतल्याने निर्णय कडक वाटला आणि त्याचवेळी कायदेशीर दृष्ट्या पोकळही वाटला.

दुसरे कारण हद्दीचे. हवा मोजणारी केंद्रे शहरात तेव्हा वीसहून अधिक होती आणि प्रत्येकाला एका वस्तीचे नाव आहे. यंत्र मोजते आपल्या आसपासची हवा. आदेश लागू होतो पूर्ण भागाला. बोरिवली पूर्व हा आर मध्य विभागाचा केवळ रेल्वेच्या एका बाजूचा तुकडा. रुळांच्या पलीकडे, बोरिवली पश्चिमेत, टॉवरचे काम चालू आणि इकडे बंद, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. ज्या भागात केंद्रच नाही तिथल्या धुळीला आकडाच नसतो, म्हणून तिथे बंदीही नसते, ही तक्रार त्याहून गंभीर होती. त्यात निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीचा. आकडा २०० ओलांडल्याचे कळेपर्यंत वारा बदललेला असू शकतो, आणि आदेश सुटेपर्यंत आणखी एकदा.

तिसरे कारण पैशांचे, आणि त्याच्या दोन बाजू होत्या. विकासकांनी घरांचा ताबा द्यायच्या नोंदणीकृत तारखा, कर्जाचे व्याज आणि पावसाआधीचे मोजके महिने पुढे केले. वृत्तपत्रांत या बाजूला भरपूर जागा मिळाली. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांना तेवढी मिळाली नाही. दिल्लीत अशा बंदीच्या काळात मजुरांना बांधकामांवरच्या कामगार उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता द्यायचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहेत. मुंबईने दिल्लीकडून चौथ्या टप्प्याचे नाव घेतले, पण भत्त्याचा मुद्दा चर्चेत मागेच राहिला.

बंदी फार टिकली नाही. जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही भागांतले आकडे उतरले आणि कामे पुन्हा सुरू झाली. बंदीमुळे हवा सुधारली की वारा फिरल्यामुळे, हा वाद दोन्ही बाजू आपापल्या सोयीने चालवतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की बंदीनंतर पत्रे, कापड आणि फवारणीकडे कंत्राटदारांचे लक्ष वळले. २७ कलमांना वर्षभर जे जमले नव्हते ते दोन भाग बंद पडल्यावर काही आठवड्यांत दिसू लागले. पालिका ज्या कामांची स्वतः मालक आहे तिथे मात्र नोटीस कोणी कोणाला द्यायची, याचे उत्तर तेव्हाही मिळाले नाही.

त्याच जानेवारीत न्यायालयाची नजर भट्ट्यांकडे गेली. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या, हॉटेलांचे तंदूर सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर आणा, असा आदेश ९ जानेवारीला निघाला. इथे दोषी पुन्हा बोट दाखवण्याजोगा होता, त्यामुळे फेब्रुवारीत नोटिसा झटपट निघाल्या. बेकऱ्यांत जळते ते बहुधा मोडक्या फर्निचरचे, रंग-पॉलिश लागलेले स्वस्त लाकूड, त्यामुळे धूर वाईटच. पण जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या भट्टीपर्यंत गॅसची वाहिनी न्यायची, भट्टीच बदलायची, आणि वर पावाची किंमत वाढू द्यायची नाही, हे गणित छोट्या बेकरीवाल्याला जुळेना. मुदतवाढीच्या मागण्या झाल्या. टॉवरचा विकासक आणि पाववाला यांना एकच सहा महिन्यांचा न्याय लावला असता तर काय चित्र दिसले असते, हा विचार मनात येतोच.

२०२५ च्या नोव्हेंबरात सगळे पुन्हा सुरू झाले. इथिओपियात त्या महिन्यात ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि त्याची राख भारतावरून गेली. सरकारी बाजूने ती राख न्यायालयात कारण म्हणून मांडली गेली. हवा त्याआधीपासून वाईट होती, असे न्यायालयाने सुनावले. मग बांधकामस्थळांची पाहणी करायला स्वतंत्र समिती नेमली गेली. पालिकेने तोवर मोठ्या बांधकामांच्या जागी हवा मोजणारे सेन्सर बसवायची सक्ती केली होती, म्हणजे केंद्र नसलेल्या भागांचा आक्षेप निदान कागदावर ऐकला गेला.

१५ जानेवारी २०२६ ला, मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षांनी, पालिकेची निवडणूक झाली. नव्या सभागृहाकडे वारशाने आली ती प्रशासकाच्या काळातली परिपत्रके, अर्धवट राहिलेले सिमेंटचे रस्ते आणि २०० चा तो आकडा. रस्त्यांच्या पुढच्या कंत्राटांना मंजुरी देणारी स्थायी समिती आणि धुळीबद्दल नोटिसा काढणारे विभाग कार्यालय पुन्हा एकाच छताखाली आहेत, आणि खोदकामाच्या परवानग्यांचा मोसम अजूनही ऑक्टोबरलाच सुरू होतो.