१६ : आणे आणि छटाकांमागचे गणित

शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात वसवलेल्या शाहूपुरी पेठेत गुळाचा व्यापार वाढला, तो रुपये-आणे-पै आणि शेर-छटाक यांच्या हिशेबावर. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हाही रुपयाचे सोळा आणे आणि शेराच्या सोळा छटाकाच होत्या. नाणी व वजने या दोन्हींच्या मुळाशी १६ हाच आकडा असावा, यामागे रूढीइतकेच गणितही आहे.

सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात, म्हणून तो लागोपाठ चार वेळा बिनबाकी निम्मा होतो. तराजूवर सर्वांत सोपे काम निम्मे करण्याचेच, कारण दोन्ही पारडी समान झाली की वेगळे माप लागत नाही. शेराचा अच्छेर, त्याचा पावशेर, पुढे नवटाक आणि शेवटी छटाक, ही उतरंड अशीच तयार होते. शिवाय एवढी चारच वजने हाताशी असली, तरी एक ते पंधरा छटाकांपर्यंतचे प्रत्येक वजन त्यांनी तोलता येते. आजचा संगणक चार बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा चार अंकांत, संख्या मांडतो ती याच तत्त्वावर, आणि म्हणूनच त्याच्या षोडशमान पद्धतीत सोळा चिन्हे असतात. जुन्या कीर्द-खतावणीत पावांसाठी उभ्या आणि आण्यांसाठी आडव्या वा तिरक्या रेघा मारत. दोन्हींच्या जास्तीत जास्त तीन लागत, म्हणजे व्यवहारात ती चारावर आधारलेली अंकपद्धतीच होती.

सोळाची उणीवही याच गुणातून येते. दोनाखेरीज त्याला दुसरा मूळ अवयव नसल्याने रुपयाचे तीन वाटे नुसत्या आण्यांत पडत नाहीत. ती सोय पै करीत असे: आण्याच्या बारा पै, म्हणून रुपयाच्या १९२, आणि तिघांच्या वाट्याला प्रत्येकी पाच आणे चार पै. पाच वाटे मात्र तरीही जमत नव्हते. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा रुपया आला तेव्हा अडचण उलटी झाली, कारण शंभर दोनदाच निम्मे होतात. आण्याचे सव्वासहा पैसे देणे अशक्य असल्याने एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, पण तीन आण्यांना एकोणीस असे कोष्टक ठरले. गिऱ्हाइकांनी त्यावर कुरकुर केली असल्यास नवल नाही.

बाजाराबाहेरही सोळाला स्वतंत्र स्थान आहे. दोनाचा चौथा घात आणि चाराचा दुसरा घात एकच, आणि अशी अदलाबदल होऊ शकणारी दोन भिन्न धन पूर्णांकांची दुसरी जोडी नाही, हे गणितज्ञ डॅनिएल बर्नुली यांनी १७२८ मध्ये दुसरे गणितज्ञ गोल्डबाख यांना पत्राने कळवले होते. त्याहून खोल गोष्ट चतुर्थ घातांची आहे. सम संख्येच्या चौथ्या घाताला सोळाने भागल्यास बाकी शून्य उरते, विषमाच्या बाबतीत नेहमी एक. त्यामुळे सोळाच्या पटीतली संख्या पंधरा किंवा त्याहून कमी चतुर्थ घातांच्या बेरजेने मांडायची, तर त्यांतला प्रत्येक घात समाचाच असावा लागतो. आता ३१ म्हणजे एक सोळा आणि पंधरा एक, असे सोळा घात. कमीत जमत नाही. म्हणून ३१ ला सोळाने कितीही वेळा गुणले तरी सोळाच घात लागतात. पुरेशा मोठ्या प्रत्येक संख्येला सोळा पुरतात, हे गणितज्ञ हॅरॉल्ड डॅव्हनपोर्ट यांनी १९३९ मध्ये सिद्ध केले. ज्यांना ते पुरत नाहीत अशा संख्यांत सर्वांत मोठी १३,७९२ आहे, हे पुढच्या संशोधनातून निश्चित झाले.