पत्त्यातलं 'व्हाया'

जुन्या पोस्टकार्डावर मु. पो., तालुका, जिल्हा लिहून झालं की खाली पुष्कळदा 'व्हाया' यायचं आणि त्यापुढे जवळच्या मोठ्या गावाचं, बहुतेक वेळा रेल्वे स्टेशनचं नाव. ते उगाच नव्हतं. वडगाव आणि पिंपळगाव जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आपलं कार्ड कुठे उतरवायचं, हे धावत्या गाडीतल्या माणसाला कळायला हवं ना!

हा माणूस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसचा, म्हणजे आरएमएसचा, सॉर्टर. बोरीबंदर-ठाणे गाडी 1853 ची. पुढच्याच वर्षी देशभर टपाल तिकिटं आली आणि अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा पुरू लागला. पत्रं वाढली. ठिकठिकाणी थांबून ती निवडत बसण्यापेक्षा प्रवासातच निवडावीत, म्हणून 1864 मध्ये अलाहाबाद-कानपूर गाडीत वर्गवारी सुरू झाली.

डब्यात भिंतभर खण, प्रत्येक खण एका गावाचा किंवा मार्गाचा. थैली फोडायची, हेलकावे खात उभ्यानं पत्ते वाचायचे, गड्ड्या सुतळीनं बांधायच्या, थैलीला लाखेचं सील ठोकायचं. पुढचं स्टेशन येण्याआधी सगळं तयार हवं, कारण गाडी थांबणार जेमतेम काही मिनिटं. कुठलं खेडं कुठल्या पोस्टाखाली येतं हे सॉर्टरांना तोंडपाठ असे. ग्रामीण टपाल या पाठांतरावर चाललं, याची नोंद फार कमी घेतली जाते.

आपल्याकडे कुर्डुवाडी हे असंच नाक्याचं ठिकाण. तिथून निघणारी नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये बार्शीला, 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. स्टेशनपासून आडगावापर्यंतची वाट मात्र पुढेही टपालवाल्यानं पायीच तुडवली.

सारख्या नावांचा आणि अनेक लिप्यांतल्या अक्षरांचा घोळ सोडवला तो टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. 15 ऑगस्ट 1972 ला त्यांचा सहा आकडी पिनकोड लागू झाला. त्याचे पहिले तीन आकडे टपाल-वर्गवारीचा जिल्हा सांगतात, महसुली नव्हे. म्हणून बार्शी 413401, बारामती 413102 आणि लातूर 413512 असे तीन वेगळ्या जिल्ह्यांतले पत्ते आजही 413 नंच सुरू होतात.