मड फिव्हर: घोड्याच्या पायावरच्या खपल्या आणि आमच्या मलमाचं खरं काम

आम्ही घोड्यांच्या निगेचं साहित्य बनवतो. ओले दिवस सुरू झाले की सगळ्यात जास्त मागणी पायाला लावायच्या संरक्षक मलमाला येते. पण मागायला येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांच्या घोड्याला तोवर खपल्या धरलेल्या असतात. अशा वेळी आम्ही मलम देत नाही, थांबायला सांगतो. ते का, हे नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

मड फिव्हर हे घोड्याच्या पायाच्या कातडीचं दुखणं. नावात 'फिव्हर' असलं तरी त्यात सहसा ताप नसतो. नावात 'मड' असलं तरी मूळ दोष चिखलाचा नाही, ओलीचा आहे. माणसाच्या पायाच्या बोटांमध्ये पावसाळ्यात चिखल्या होतात, तिथली कातडी पांढरी पडते, मऊ होते आणि चिरते. घोड्याच्या खुराच्या वर, टाचेमागच्या खोबणीत कातडीचं सुरुवातीला असंच होतं. पुढे त्यात जिवाणू शिरतात आणि दुखणं चिघळतं.

कातडीत नेमकं काय होतं

बहुतेक वेळा यामागे डर्माटोफिलस काँगोलेन्सिस नावाचा जिवाणू असतो. १९१५ साली तेव्हाच्या बेल्जियन काँगोमध्ये गुरांच्या कातडीवर तो पहिल्यांदा नोंदला गेला, म्हणून हे नाव. पावसात भिजणाऱ्या घोड्यांच्या पाठीवर खपल्या येतात, त्याही याच जिवाणूमुळे. कोरड्या, धड कातडीत त्याला शिरता येत नाही. पाय तासन् तास ओले राहिले की कातडी फुगते, त्यावर वाळूचे कण घासतात आणि बारीक ओरखडे पडतात. ओल मिळाली की या जिवाणूचे सूक्ष्म बीजकण जागे होतात आणि पाण्याच्या थरात चक्क पोहत कातडीपर्यंत जातात. आत गेल्यावर ते धाग्यासारखे वाढतात. शरीर तिकडे पू पाठवतं, तो पू केसांना धरून वाळतो आणि खपली तयार होते. खपलीखाली हवा कमी आणि ओल भरपूर, म्हणजे जिवाणूला हवं तसं घर. वरून आणखी पाणी ओतून हे घर मोडत नाही.

डोळ्यांआधी बोटांना कळतं

संध्याकाळी खरारा करताना टाचेमागे केसांच्या आत बोटं फिरवा. भाताची शितं चिकटून वाळावीत तसे दाणे हाताला लागले, तर ती सुरुवात समजा. अशी एक खपली सुटून आली की तिच्या खालच्या बाजूला केसांचा झुबका रंगाच्या ब्रशसारखा उभा दिसतो आणि बुडाशी पिवळसर-हिरवट पू असतो. खालची कातडी लालसर, ओलसर असते. घोडा पाय आखडून घेतो, कारण ते दुखतं. चिडला तर रागावू नका.

पांढऱ्या पायांना हा त्रास जास्त होतो. पण चारही पाय त्याच चिखलात असताना फक्त पांढऱ्याच पायांना खपल्या आल्या आणि काळे पाय स्वच्छ राहिले, तर नुसती ओल कारण नसेलही. काही वनस्पती खाल्ल्याने किंवा यकृत बिघडल्याने गुलाबी कातडीला ऊन सोसत नाही, तेव्हाही असंच दिसतं. अशा वेळी रक्त तपासून घ्यावं. पायाला दाट झुलपं असलेला घोडा सारखे पाय आपटत असेल, पाय चावत किंवा घासत असेल, तर कातडीवरच्या बारीक किड्यांचा संशय धरा. त्याचं औषध वेगळं असतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

उपचार: कमी पाणी, जास्त कोरडेपणा

आमच्या स्वतःच्या घोडीचे चारही पाय पांढरे होते. पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी पाइप लावून तिचे पाय धुवायचो आणि ओल्या पायांनीच तिला तबेल्यात बांधायचो. खपल्या वाढत गेल्या. मग त्यांच्यावर जाड थर देऊन मलम चोपडलं. दोन दिवसांत मागचा पाय घोट्यापासून वर सुजला आणि ती पाय टेकेना. पशुवैद्यांनी पाय पाहिला आणि पहिलं वाक्य बोलले, "आधी नळ बंद करा." तेव्हापासून आमच्या मलमाच्या डब्यावरची सूचना आम्ही बदलली आहे.

उपचारात सगळ्यात पहिलं काम म्हणजे घोडा ओलीतून बाहेर काढणं. स्वच्छ, कोरड्या अंथरुणावर बांधा. मुताने भिजलेलं अंथरूण चिखलाइतकंच वाईट. मग खपल्यांभोवतीचे केस कात्रीने किंवा मशीनने अलगद कमी करा, म्हणजे कातडीला हवा लागेल आणि औषध आत पोचेल. कात्री चालवताना कातडी ताणू नका, चिरा पडतात. हातमोजे घाला, कारण हा जिवाणू माणसाच्या हातालाही लागू शकतो.

धुण्यासाठी २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक असलेला शाम्पू वापरा. कोमट पाण्याने पाय ओला करा, फेस करा आणि पूर्ण १० मिनिटं तसाच राहू द्या. ही दहा मिनिटं बहुतेक जण दोन मिनिटांत उरकतात, आणि मग औषध लागू पडलं नाही असं वाटतं. घड्याळ लावून बसा. तेवढ्यात खपल्या मऊ होतात. हाताने अलगद सुटतील तेवढ्याच काढा. ओढून काढलेली खपली खाली कच्ची जखम ठेवते आणि पुढच्या वेळी घोडा पाय द्यायला तयार होत नाही. उरलेल्या पुढच्या धुण्याला निघतील. सुटलेल्या खपल्या जमिनीवर टाकू नका, पिशवीत भरून फेकून द्या. जिवाणू त्यात महिनोन्महिने तग धरतो.

मग पाय भरपूर पाण्याने स्वच्छ करा आणि कोरडा करा. पंचा घासू नका, दाबून पाणी टिपा, टाचेमागच्या खोबणीत खास. एक पंचा भिजला की दुसरा घ्या. घोडा शांत असेल तर केस वाळवण्याचं यंत्र गार हवेवर चालवलं तरी चालतं. वायर मात्र त्याच्या पायाखाली येऊ देऊ नका. किती दिवसांच्या अंतराने धुवायचं ते डॉक्टरांना विचारा. खपल्या निघाल्या आणि कातडी बरी होऊ लागली की धुणं कमी करायचं, वाढवायचं नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

पाय सुजून वर चढला, घोडा लंगडू लागला, हाताला पाय गरम लागला, पू वाहू लागला किंवा ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा. संसर्ग आतल्या थरात उतरला की प्रतिजैविकं लागतात, आणि कोणतं, किती, ते त्यांनीच ठरवायचं. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का तेही पाहा. घोड्याला धनुर्वात फार लवकर जडतो. दोन आठवडे घरचा उपचार करूनही फरक नसेल तर कातडीचा नमुना तपासायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली हा जिवाणू आगगाडीच्या रुळांसारख्या जोड-रांगांत दिसतो, त्यामुळे शंका राहत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

घोडे कुठे उभे राहतात ते आधी पाहा. कुरणाचं फाटक आणि पाण्याची टाकी, या दोन जागी चिखल सगळ्यात खोल असतो. तिथे खडी किंवा लाकडाचा भुसा टाकला तर निम्मं काम होतं. जागा आलटूनपालटून वापरा.

चिखलाने माखलेला घोडा परत आला तर आम्ही सांगू, चिखल वाळू द्या आणि मग मऊ ब्रशने झटका. धुणं टाळता येत नसेल तर धार जोराची नको आणि पाय कोरडे केल्याशिवाय सोडू नका. निरोगी पायाचे केस उगाच कापू नका, पाणी निथळायला ते कामाचे असतात. पायाला बांधायच्या पट्ट्या आणि बूट आतून रोज झटका, त्यात अडकलेली वाळू कातडी सोलते. प्रत्येक घोड्याचा ब्रश वेगळा ठेवा आणि मोतद्दारालाही तसं बजावून सांगा.

आमच्या मलमाची जागा इथे आहे: धड, स्वच्छ, पूर्ण कोरड्या कातडीवर, घोडा बाहेर सोडण्याआधी, पातळ थर. त्याने पाणी कातडीपर्यंत पोचत नाही, एवढंच त्याचं काम. खपली, चीर किंवा ओल्या कातडीवर लावलं तर तीच ओल आत कोंडते. थरावर थर चढवू नका. आठवड्यातून एकदा जुना थर सौम्य साबणाने काढा, पाय वाळवा, बोटांनी चाचपून पाहा, मग नवा लावा.

घोड्याच्या पायाला आज खपल्या असतील तर डबा कपाटातच राहू द्या. कातडी बरी झाली की आम्हाला कळवा, लावायचं कसं ते दाखवायला आम्ही येऊ.