सोलची वकीलबाई, राजारामपुरीतल्या पोरी

माझी भाची राजारामपुरीत पेइंग गेस्ट आहे. रात्री जेवणं झाली की एक इअरफोन तिच्या कानात, दुसरा मैत्रिणीच्या, आणि मोबाइलवर कोरियन मालिका. परवा मीही शेजारी टेकले. ऑटिझम असलेली वकील वू यंग-वू किंबाप खात होती. या भाताच्या गुंडाळीच्या चकत्यांत आत काय भरलंय ते दिसतं, अचानक काही तोंडात येत नाही, म्हणून तिला तेच लागतं. भाची म्हणाली, "मावशी, मेसची भाजी मी पण अशीच उकरून बघते की!"

कुठे सोल, कुठे कोल्हापूर! तरी ही बाई आपली वाटते. हे कोडं जुनंच आहे. 'डॅलस' ही टेक्सासच्या तेलसम्राटांची मालिका नेदरलँड्समध्ये गाजत होती, तेव्हा इएन आंग या अभ्यासिकेने एका महिला मासिकात जाहिरात देऊन प्रेक्षकांची मतं मागवली. 42 पत्रं आली. त्यांवर तिचं पुस्तक 1982 साली निघालं. बंगले, गाड्या खोट्या वाटल्या तरी नवऱ्याने दुखावलेल्या बाईची घुसमट खरी वाटते, असा पत्रांचा सूर. आंगने याला भावनिक वास्तव म्हटलं.

पण तेच वास्तव सगळ्यांना सारखं दिसत नाही. तामार लीब्स आणि एलिहू कात्झ या संशोधकांनी इस्रायलमध्ये वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना 'डॅलस'चा भाग दाखवून तो सांगायला लावला. अरब आणि मोरोक्कन ज्यू प्रेक्षकांनी घराण्याची गोष्ट क्रमाने सांगितली. रशियातून आलेल्यांना त्यात निर्मात्यांचा छुपा संदेश दिसला. भाग एकच! त्यामुळे 'मालिका बघून पोरी बिघडतात' हे वाक्य मला आळशी वाटतं.

माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल याने 1973 मध्ये मांडलं होतं की, प्रेक्षक दाखवलेलं जसंच्या तसं घेतो, थोडं घेऊन थोडं सोडतो किंवा साफ उलटा अर्थ लावतो. हे तिन्ही एकाच खोलीत घडतं. नंतर दोघींनी दुसरी मालिका लावली. नायकाने नायिकेचं मनगट धरून तिला ओढत नेलं. कोरियन मालिकांतला हा ठरलेला प्रसंग.

"किती जीव आहे बघ त्याचा," मैत्रीण म्हणाली.

"रंकाळ्यावर कुणी असं धरलं तर पायताण काढशील की!"

"ते वेगळं गं."

कसं वेगळं, यावर साडेअकरापर्यंत वाद चालला. मालिका तशीच पुढे सरकत राहिली.