मेंदूच्या ऑक्सिमीटरवरचा टक्का: पार्श्वभूमी

मेंदूचा ऑक्सिमीटर म्हणजे कपाळावर पट्टी चिकटवून मेंदूतल्या रक्तात ऑक्सिजन किती टक्के आहे ते दाखवणारं यंत्र. 1940 च्या दशकात मेंदूचा रक्तप्रवाह मोजायचा, तर रुग्णाला नायट्रस ऑक्साइड हुंगवून धमनीतून आणि गळ्यातल्या मोठ्या शिरेतून रक्ताचे नमुने घ्यावे लागत. 1960 च्या दशकात त्यासाठी किरणोत्सारी झेनॉन वायू आला. 1982 मध्ये कानशिलावरून डॉप्लर (ध्वनिलहरींची तपासणी) करता येऊ लागला, पण तो रक्ताचा वेग सांगतो, प्रमाण नाही. 1977 मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधकाने जवळचा अवरक्त प्रकाश कवटीपार जातो आणि हिमोग्लोबिनमधले बदल टिपतो, हे दाखवलं. शस्त्रक्रियागृहात कपाळावर चिकटवतात ती पट्टी त्यातूनच आली.

पट्टीत एक प्रकाशस्रोत आणि परतलेला प्रकाश टिपणारे दोन ग्राहक असतात. एका प्रचलित यंत्रात ते स्रोतापासून 3 आणि 4 सेंटिमीटरवर आहेत. जवळच्या ग्राहकाला मुख्यतः कातडी आणि हाड दिसतं. दूरच्या संकेतातून ते वजा केलं की उरतो तो मेंदू, असं गृहीतक.

या टक्क्यावर किती विसंबावं, यातला खरा वाद पुढच्या निर्णयाचा आहे. बोटावरचा ऑक्सिमीटर फक्त ठोक्यागणिक बदलणारा भाग, म्हणजे धमनीतलं रक्त मोजतो. मेंदूच्या यंत्राला धमनी, केशवाहिन्या आणि शिरा सगळ्याच एकत्र दिसतात. या मिश्रणाची टक्केवारी छापायची, तर त्यातला धमनीचा वाटा ठरवावा लागतो. कुणी तो 25 टक्के धरला, कुणी 30. निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने कमी करून यंत्रं पडताळली, पण तुलनेचा आकडाही याच गुणोत्तराने काढलेला होता. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच मोजपट्टीत घातलं होतं, आणि हा दोष किरकोळ नाही.

2000 मध्ये हृदयविकार असलेल्या मुलांमध्ये हा वाटा सरासरी 16 टक्के निघाला, आणि मुलागणिक तो शून्य ते 40 टक्के होता. हिशेब करून पाहा: धमनीत 98 टक्के, शिरेत 60 टक्के ऑक्सिजन. वाटा 25 टक्के असेल तर मिश्रण 69.5, 16 असेल तर 66, 40 असेल तर 75. मेंदूची गरज आणि पुरवठा तेच, आकडे तीन. कार्बन डायऑक्साइड वाढला की धमनिका (लहान धमन्या) रुंदावतात आणि हा वाटा त्याच रुग्णातही सरकतो.

2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोक्याभोवती हवेचा पट्टा फुगवून टाळूचा, म्हणजे डोक्यावरच्या कातडीचा, रक्तपुरवठा थांबवला, तेव्हा तपासलेल्या तिन्ही यंत्रांचा आकडा सरासरी 7 ते 17 टक्क्यांनी घसरला. वजाबाकी पुरी होत नव्हती. म्हणून रक्तवाहिन्या आकसवून रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रिनॅलिन दिल्यावर दिसणारी घट कधी कधी टाळूची असते. गडद त्वचेवर काही यंत्रं कमी आकडा दाखवतात. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही.

2023 मध्ये 28 आठवड्यांआधी जन्मलेल्या 1601 बाळांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. पहिले 72 तास या आकड्यावरून उपचार ठरवले, तरी मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा 35.2 टक्के, नेहमीच्या काळजीत 34.0.

हृदयशस्त्रक्रियेत यंत्र टिकून आहे ते आकड्याचा कल पाहण्यासाठी. भूल देण्यापूर्वी, जादा ऑक्सिजन सुरू करण्याआधी मूळ आकडा नोंदवतात. त्यापासून 20 टक्के घसरण झाली की आधी मान आणि कॅन्युलाची (रक्त नेणाऱ्या-आणणाऱ्या नळीची) जागा, मग रक्तदाब, धमनीतला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि हिमोग्लोबिन या क्रमाने पाहतात. कपाळाच्या एकाच बाजूचा आकडा पडला, तर संशय प्रथम मानेवर आणि कॅन्युलावर.