डिमॅजिओचा झेल आणि मेझचा झेल: दोन्ही सोपे वाटतात, पण एका जातीचे नाहीत

बेसबॉलमधल्या जो डिमॅजिओ आणि विली मेझ या दोन नावांची सरमिसळ होणं साहजिक आहे. दोघेही न्यूयॉर्कचे सेंटर फिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध उभे राहणारे, दोघेही उजव्या हाताचे, आणि दोघांबद्दलही एकच वाक्य ऐकू येतं: ‘अवघड झेल सोपा करून घ्यायचा.’ डिमॅजिओ 1936 ते 1951 यँकीजकडून खेळला, मधली तीन वर्षं महायुद्धाच्या काळात लष्करात गेली. मेझ 1951 च्या मे महिन्यात जायंट्सकडे आला. म्हणजे दोघांचा एकच हंगाम सामाईक. पण ‘सोपा’ हा शब्द दोघांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. डिमॅजिओचा झेल सोपा व्हायचा तो चेंडू हवेत असतानाच. मेझ मात्र चेंडू हातात आल्यावर पुढे जे करायचा, ते सोपं दिसायचं.

क्रिकेट पाहून वाढलेल्यांसाठी आधी मैदानाचं माप. क्रिकेटची सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून जास्तीत जास्त 90 यार्ड, म्हणजे सुमारे 82 मीटर. डिमॅजिओच्या काळातल्या यँकी स्टेडियमची मधली भिंत होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा; तिथून निघून तीन बेस शिवत परत आलं की एक धाव) 461 फुटांवर होती, म्हणजे 140 मीटर. डावीकडून मध्याकडे येणारा पट्टा 457 फूट खोल. लोक त्याला ‘डेथ व्हॅली’ म्हणत, कारण उजव्या हाताच्या बॅटरनं जीव तोडून मारलेले फटके तिथे मरत. मेझचं पोलो ग्राउंड्स त्याहून विचित्र. बाथटबसारखं लांबट, उजवीकडची भिंत जेमतेम 258 फुटांवर, डावीकडची 279 फुटांवर आणि मध्यभागी तब्बल 483 फूट. या सगळ्या पसाऱ्याचा मधला भाग एकट्या माणसानं सांभाळायचा. दोन फिल्डर एकाच चेंडूकडे धावले तर हक्क सेंटर फिल्डरचा, आणि ‘माझा’ अशी हाकही त्यानंच द्यायची.

उंच उडालेला चेंडू साधारण पाच-सहा सेकंद हवेत राहतो, सपाट ताडकन मारलेला तीन-चार. खरा खेळ त्यातल्या पहिल्या दीड सेकंदात होऊन जातो. सर्वांत फसवा चेंडू म्हणजे थेट अंगावर येणारा. बाजूला गेलेल्या चेंडूचा कोन दिसतो, अंगावर येणाऱ्याचा दिसत नाही. तो पुढे पडणार की डोक्यावरून जाणार, हे कळायला वेळ लागतो. नवशिका फिल्डर सवयीनं दोन पावलं पुढे टाकतो आणि तिथेच फसतो. म्हणून पहिलं पाऊल मागे, कमरेतून अर्धं वळून टाकायला शिकवतात. पुढे येणं नंतर जमतं, पण पुढे गेल्यावर मागे फिरणं जमत नाही. दुसरी अडचण चेंडूच्या वळणाची. उजव्या हाताच्या बॅटरनं उजवीकडे मारलेला चेंडू बहुतेक वेळा उजव्या फाउल रेषेकडे (मैदानाच्या बाजूच्या हद्दीकडे) आणखी सरकत जातो. सरळ रेषेत धावलात तर तो शेवटच्या क्षणी हातभर बाहेर असतो.

डिमॅजिओ इथे भारी होता. पिचर (चेंडू टाकणारा) कोण, बॅटर कोण, चेंडू आत पडणार की बाहेर, यावरून तो आधीच दोन-चार पावलं सरकून उभा असे. बॅट लागल्याबरोबर लांब ढांगा टाकत निघायचा, मान कमी हलायची, मार्ग जवळजवळ सरळ असायचा. चेंडू खाली येईपर्यंत तो तिथे उभा. जमिनीवर झेपावण्याची वेळ क्वचितच यायची. प्रेक्षकाला वाटे, फटकाच साधा होता. आधीच केलेलं काम दिसत नसल्यामुळे त्याच्या खेळाची चित्रफीत पाहून आज फारसं काही हाती लागत नाही. कॅमेरा चेंडूमागे असतो आणि तो उभा होता कुठे, हे चौकटीत येतच नाही. पहिल्याच वर्षी, 1936 मध्ये, त्याच्या नावावर 22 असिस्ट होते, म्हणजे त्याच्या फेकीमुळे 22 रनर बाद झाले. सुरुवातीला त्याचा हातही जबरदस्त होता, हे पुढच्या गोष्टींच्या गर्दीत विसरलं जातं.

डिमॅजिओ म्हटलं की आणखी एक घोटाळा होतो. तिघे भाऊ होते, व्हिन्स, जो आणि डॉम, आणि तिघेही मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, सेंटर फिल्डर. बोस्टन रेड सॉक्सचा चष्मेवाला डॉम जोपेक्षाही चांगला फिल्डर होता, असं मानणारे त्या काळीही कमी नव्हते. 1948 मध्ये डॉमनं 503 पुटआउट घेतले, म्हणजे इतके बाद स्वतः केले, बहुतेक झेल घेऊन. ‘डिमॅजिओचे इतके झेल’ असा आकडा वाचला तर आधी पहिलं नाव तपासावं.

आता आकड्यांचा सापळा. 1947 मध्ये जो डिमॅजिओनं 141 सामन्यांत फक्त एक चूक केली. कागदावर हा त्याचा सर्वोत्तम फिल्डिंगचा हंगाम. प्रत्यक्षात त्या वर्षी टाचेच्या हाडाच्या शस्त्रक्रियेतून तो नुकताच उठला होता. बेसबॉलमध्ये चूक मोजतात ती ज्या चेंडूपर्यंत फिल्डर पोहोचला आणि तो हाताळताना गडबडला त्याची. ज्या चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही, त्याची चूक लागत नाही, तो बॅटरचा हिट धरला जातो. त्यामुळे हळू धावणारा, पण हात पक्का असलेला फिल्डर कागदावर स्वच्छ दिसतो. चुकांची संख्या कमी म्हणजे आवाका मोठा, असा अर्थ कधीच काढू नये. 1951 पर्यंत त्याचा खांदाही गेला होता. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजसाठी, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपद मालिकेसाठी, डॉजर्स संघाच्या टेहळ्यानं तयार केलेला अहवाल ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आला, आणि त्यात डिमॅजिओ आता जोरात फेकू शकत नाही, त्याच्यावर बेधडक पुढचा बेस घ्या, असं सरळ म्हटलं होतं. तरीही चेंडूखाली वेळेत येणं सुटलं नव्हतं. पाय आणि हात थकले तरी डोळा शेवटपर्यंत शाबूत राहिला.

मेझकडे वळलं की सगळे 29 सप्टेंबर 1954 चा झेल आठवतात. पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, आठवा डाव, 2-2 बरोबरी, एकही आऊट नाही. क्लीव्हलंडचा लॅरी डोबी दुसऱ्या बेसवर, अल रोझन पहिल्यावर. विक वर्ट्झनं मधोमध, चारशे फुटांच्या बरंच पलीकडे फटका मारला. मेझ बराच पुढे उभा होता. पाठ फिरवून तो थेट भिंतीकडे धावत सुटला आणि खांद्यावरून आलेला चेंडू छातीसमोर दोन्ही हातांत घेतला. इथवर सगळे पाहतात. पुढचं नीट पाहिलं पाहिजे. चेंडू हातात आल्या क्षणी त्यानं पाय रोवले, डावीकडून गर्रकन पूर्ण फिरून दुसऱ्या बेसच्या दिशेनं फेक केली, टोपी उडाली आणि स्वतः जमिनीवर पडला.

ही फेक महत्त्वाची का, तर नियमामुळे. झेल होईपर्यंत रनरनं बेसला चिकटून राहायचं असतं, किंवा निघाला असेल तर परत येऊन तो शिवायचा असतो. झेल झाला की पळायला मोकळा. इतक्या लांबच्या झेलावर दुसऱ्या बेसवरचा वेगवान रनर तिसरा पार करून थेट होमही गाठू शकतो. चेंडू पडणारच असं वाटून डोबी पुढे निघाला होता. त्याला परत येऊन बेस शिवावा लागला आणि फेक इतकी लवकर आली की त्याला तिसऱ्यावरच थांबावं लागलं. रोझन पहिल्यावरच अडकला. क्लीव्हलंडला त्या डावात एकही धाव मिळाली नाही, दहाव्या डावात जायंट्स 5-2 जिंकले आणि पुढे सिरीज 4-0. आमच्या मते या प्रसंगात फेक झेलापेक्षा मोठी. पाठमोरं धावून असा झेल घेणारे आणखी निघतील. पण मागच्या दिशेला पूर्ण वेगात असताना तो वेग मोडून उलट दिशेला अचूक फेकणं फार थोड्यांना जमलं.

या झेलाला पुष्कळ जण ‘बास्केट कॅच’ म्हणतात. ते चूक. बास्केट कॅच ही मेझची रोजची पद्धत: चेंडूखाली स्थिर उभं राहून तळहात आकाशाकडे, ग्लव्ह कमरेजवळ, सुपात धान्य घ्यावं तसा झेल. लष्करातल्या दोन वर्षांत त्यानं ती अंगवळणी पाडली. फायदा असा की चेंडू कमरेपाशी, म्हणजे फेकणाऱ्या उजव्या हाताच्या अगदी शेजारी येतो आणि ग्लव्हमधून हातात घ्यायला कमी वेळ लागतो. धोका असा की शेवटच्या दोन-तीन फुटांत चेंडू डोळ्यांच्या रेषेखाली जातो. वाऱ्यानं तो जरा हलला तर ग्लव्ह सरकवायला जागा नसते आणि चेंडू ग्लव्हच्या टाचेवर आपटून बाहेर उडतो. म्हणून प्रशिक्षक मुलांना उलटं शिकवतात: चेंडू पडणार त्या जागेच्या तीन-चार पावलं मागे थांबा, शेवटी पुढे चालत या, कपाळाच्या वर, फेकणाऱ्या खांद्याच्या बाजूला दोन्ही हातांनी घ्या, म्हणजे अंगाचा जोर आपोआप फेकीत उतरतो. जायंट्स न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर, 1960 पासून मेझ तिथल्या कँडलस्टिक पार्कमध्ये खेळला. तिथला वारा कुप्रसिद्ध, तरी त्यानं बास्केट सोडली नाही. त्याला ती परवडली. इतरांनी नक्कल करू नये.

मेझचा हात समजायचा असेल तर आणखी एक प्रसंग पाहावा, 15 ऑगस्ट 1951 चा, डॉजर्सविरुद्धचा. 1-1 बरोबरी, आठवा डाव, एक आऊट, तिसऱ्या बेसवर बिली कॉक्स. कार्ल फुरिलोचा चेंडू उजवीकडच्या पट्ट्यात गेला. उजव्या हातानं फेकणाऱ्या सेंटर फिल्डरसाठी ही वाईट बाजू. तो स्वतःच्या डावीकडे धावतो, त्यामुळे होम प्लेट त्याच्या उजव्या हाताला येते, आणि फेकायला डावा खांदा होमकडे हवा असतो. शहाणपणाचा मार्ग म्हणजे थांबा, पाय बदला, वळा, मग फेका. यात रनर घरी पोहोचतो. झेल घेऊन मेझ थांबलाच नाही. धावण्याचा जोर तसाच ठेवून, होमकडे पाठ करत डावीकडून पूर्ण गिरकी घेतली आणि फेकला. होम प्लेटमागच्या कॅचर वेस वेस्ट्रमकडे चेंडू कॉक्सच्या आधी आला, कॉक्स बाद, तीन आऊट पूर्ण, डाव संपला. 1954 ची गिरकी म्हणजे हीच युक्ती, अधिक अंतरावरून.

आणि ती उडणारी टोपी? मापाला नीट न बसणारी टोपी आपण मुद्दाम घालायचो, असं मेझनं स्वतःच पुढे सांगितलं. लोकांना खेळ दिसायला हवा, हे त्याला पटलेलं होतं. त्यामुळे टोपी उडाली म्हणजे झेल अवघड होता, असं समजू नये.

उत्तम फिल्डिंगसाठीच्या गोल्ड ग्लव्ह पुरस्कारांची तुलना तर करूच नये. मेझची सलग 12, 1957 ते 1968. डिमॅजिओचं एकही नाही, कारण पुरस्कारच 1957 मध्ये सुरू झाला. मेझचे आउटफिल्डमधले पुटआउट सात हजारांवर आहेत, हा विक्रम, पण त्यात दीर्घ कारकिर्दीचाही वाटा मोठा. वाचवलेल्या धावांच्या आधुनिक हिशेबात सेंटर फिल्डरांमध्ये सर्वांत वर येतो तो कुरासाओचा अँड्रू जोन्स, 1998 ते 2007 सलग दहा गोल्ड ग्लव्हवाला. तो मेझसारखा पुढे उभा राहायचा आणि डिमॅजिओसारखा न झेपावता झेल घ्यायचा. डिमॅजिओच्या काळी प्रत्येक चेंडू कुठे पडला याची आजच्यासारखी नोंद नव्हती, म्हणून त्याचे असे आकडे ढोबळच धरावे लागतात.

आता मेजर लीगच्या मैदानांवरची स्टॅटकास्ट ही मापनयंत्रणा ‘जंप’ मोजते: चेंडू उडाल्यावर पहिल्या तीन सेकंदांत फिल्डरनं योग्य दिशेनं किती फूट कापले. पहिला दीड सेकंद प्रतिसाद, पुढचा दीड वेग, आणि तिसरा भाग मार्ग किती सरळ. डिमॅजिओची ताकद यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात होती. मेझकडे तिन्ही होते आणि वर फेक, जी या मापात येतच नाही. म्हणून निवड करायचीच तर आम्ही मेझला निवडू. शिकायला मात्र डिमॅजिओ बरा, कारण उभं कुठे राहायचं हे शिकवता येतं, तशी गिरकी शिकवता येत नाही.

दोघं एकाच चेंडूत सापडतात ते 5 ऑक्टोबर 1951 ला, वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात. यँकीजकडून मध्ये डिमॅजिओ, उजवीकडे 19 वर्षांचा मिकी मँटल. म्हाताऱ्याची टाच दुखतेय, मिळेल तो प्रत्येक चेंडू तू घे, असं व्यवस्थापक केसी स्टेंगलनं मँटलला बजावलेलं. बॅटिंगला मेझ. त्याचा उंच फटका दोघांच्या मधोमध गेला. मँटल पूर्ण वेगात निघाला, आणि अगदी शेवटी डिमॅजिओची हाक आली. चेंडूखाली तो आधीच होता, हाक तेवढी उशिरा दिली. मँटलनं करकचून थांबायचा प्रयत्न केला, बुटाचा खिळा पाण्याच्या निचऱ्याच्या झाकणात अडकला आणि गुडघा गेला. शेजारी डिमॅजिओनं झेल नेहमीसारखा, उभ्याउभ्या घेतला.