पागडीचा गाळा, लायसन्सचा गाळा

गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर दोन प्रकारची दुकानं शेजारी शेजारी दिसतात. एक पागडीचं, म्हणजे जागा घेताना एकरकमी पैसे देऊन मिळवलेलं: भाडेपावती आजोबांच्या नावाची, गल्ल्यावर नातू. दुसरं लीव्ह अँड लायसन्सवरचं, म्हणजे भाडेकरूच्या हक्काविना नुसत्या वापराच्या परवानगीवरचं: मुदत संपली की जागा खाली. व्यावसायिक जागांच्या कायद्यात सुधारणा म्हटलं की चर्चा पहिल्याभोवतीच फिरते. दुसरा कुठून आला, हे मात्र कुणी विचारत नाही.

सुरुवात टंचाईतून झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेवाढीवर बंधन आलं. ते पुढे उठलं आणि दुसऱ्या महायुद्धात परतलं. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदाही ठरावीक मुदतीचाच होता, पण मुदत वाढत वाढत तो अर्धं शतक टिकला. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलं, आणि थकबाकी, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, मालकाची खरी गरज अशा ठरावीक कारणांशिवाय भाडेकरूला काढता येईना. घराला आणि दुकानाला हे दोन्ही लागू. माझ्या मते मूळ चूक या बांधण्यात आहे. दुकानदाराला जागेची शाश्वती हवीच असते, कारण गिऱ्हाईक पत्त्याला सरावलेलं असतं. पण धंद्याची कमाई वाढत असताना भाडं कायमचं गोठवायला काय आधार होता?

गोठलेल्या भाड्याची भरपाई पागडीने होऊ लागली. कायद्याने मनाई, तरी व्यवहार सर्रास. भाडेकरू नको म्हणून मालक लायसन्सवर जागा देऊ लागले, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसन्सधारकांनाही सरकारने भाडेकरूचा दर्जा दिला. त्या धक्क्याने कित्येक मालकांनी जागा कुलूपबंद ठेवणं पसंत केलं.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या (म्हणजे कायद्याने बांधून दिलेल्या कमाल भाड्याच्या) तरतुदी आता वाजवी उरलेल्या नाहीत. कायद्याची मुदत संपत आली होती, म्हणून त्या रद्द मात्र केल्या नाहीत. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वर्षाला चार टक्के भाडेवाढ, पागडीला मान्यता, आणि बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या व एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्यांना संरक्षणाबाहेर काढणं, हे त्यातले मोठे बदल. मोठ्यांना वगळणं योग्यच झालं. २०१६ च्या सुमारास मोठ्या क्षेत्रफळाच्या जागांनाही वगळण्याचा विचार पुढे आला आणि विरोधामुळे बारगळला.

या सगळ्यात नव्या छोट्या दुकानदाराच्या हाती काहीच लागलं नाही. कागदावर नव्या भाडेकरूलाही संरक्षण आहे, पण मालक भाडेकरार करतच नाहीत, लायसन्सवरच जागा देतात. लायसन्स संपलं की लघुवाद न्यायालयात जागा खाली करण्याचा दावा, बस्स.

इंग्लंडने १९५४ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे मुदत संपल्यावर धंदा करणाऱ्या भाडेकरूला नव्या कराराचा हक्क असतो, पण बाजारभावाने. दोघांनी आधीच ठरवलं तर हा हक्क सोडताही येतो, आणि त्याच कायद्याचा सध्या तिथे फेरविचार चालू आहे. आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांपुढे ठेवला. त्यात दुकानंही येतात, भाडं परस्परसंमतीने ठरतं. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट, मग चौपट भाडं. बाजारभाव द्यायला तयार असलेल्या दुकानदाराला करार पुढे चालू ठेवण्याचा हक्क मात्र त्यातही नाही.